दही, आतडे आणि सोरायसिस

बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात अंगावर खवल्यांचे चट्टे उठलेल्या माणसाला बहुधा दोन परस्परविरोधी सल्ले ऐकावे लागतात. घरातील वडीलधारी मंडळी सांगतात, की त्वचेच्या रोगाला आंबट वर्ज्य आहे. दही-ताक आधी बंद करावे. उलटपक्षी, तालुक्याच्या गावी गेल्यावर कोणी ना कोणी सांगतो, की रोगाचे मूळ पोटात आहे. आतड्यातील ‘चांगले जंतू’ वाढविले की चट्टे आपोआप जातात, त्यासाठी दही भरपूर खावे आणि शिवाय अमुक कॅप्सूल घ्यावी. पहिला सल्ला जुना आहे, दुसरा नवा आहे. दोन्ही ठामपणे दिले जातात. रुग्ण मात्र गोंधळतो, आणि पुष्कळदा या गोंधळात ज्या औषधाने त्याला उतार पडत होता तेच औषध सोडून बसतो. म्हणून या दोन्ही सल्ल्यांत तथ्य किती, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद आणि आळंद या तालुक्यांतील कित्येक गावांत मराठी व कन्नड या दोन्ही भाषा सहज बोलल्या जातात. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. राज्यपुनर्रचनेनंतर तो तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आला. तथापि माणसांचे येणे-जाणे सीमा पाहून ठरत नाही. येथील रुग्ण बीदर-कलबुर्गीला जातो, तसाच सोयऱ्यांच्या आधाराने लातूर, सोलापूर किंवा हैदराबादलाही जातो. परिणामी एकाच पिशवीत तीन शहरांच्या तीन चिठ्ठ्या जमतात आणि एका डॉक्टरांनी काय दिले हे दुसऱ्यांना ठाऊक नसते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या रोगात ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. त्याचे कारण पुढे येईल.

रोगाचे स्वरूप

सोरायसिस हा त्वचेवर दिसणारा, परंतु शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतून उद्भवणारा दीर्घकालीन विकार आहे. निरोगी त्वचेच्या तळाशी निर्माण झालेली पेशी पृष्ठभागावर येऊन गळून पडण्यास सुमारे एक महिना लागतो. सोरायसिसमध्ये हाच प्रवास अवघ्या तीन-चार दिवसांत उरकतो. अपक्व पेशींचे थर एकावर एक साचतात आणि लालसर चट्ट्यावर चंदेरी, अभ्रकासारखे खवले दिसू लागतात. कोपर, गुडघे, कमरेचा मागील भाग आणि डोक्याची त्वचा या त्याच्या नेहमीच्या जागा होत. काही रुग्णांच्या नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खळगे पडतात. काहींचे सांधे सुजतात व सकाळी आखडतात. सांधे सुजणे हे वयाचे दुखणे समजून अंगावर काढू नये, कारण उपचाराविना ते कायमचे वाकडे होऊ शकतात.

असे का होते? शरीरात शिरलेल्या रोगजंतूंशी लढणाऱ्या काही पांढऱ्या पेशी कोणताही शत्रू समोर नसताना त्वचेतच लढाई सुरू करतात. त्यांनी सोडलेल्या रासायनिक संदेशांमुळे त्वचेच्या पेशी बेसुमार वेगाने वाढू लागतात. ही प्रवृत्ती काही अंशी आनुवंशिक असते. ती जागी होण्यास मात्र निमित्त लागते, आणि निमित्ते अनेक आहेत : घशाचा जंतुसंसर्ग, मानसिक ताण, कडक थंडी, त्वचेला झालेली जखम वा खरचटणे, मद्यपान, धूम्रपान, तसेच रक्तदाबावरील व मनोविकारांवरील काही औषधे. लहान मुलांत घसा बसून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी अंगभर पावसाच्या थेंबांसारखे लहान लहान चट्टे उठतात, तो याच रोगाचा एक प्रकार होय. शिक्षकांच्या तो सर्वप्रथम लक्षात येण्याचा संभव असतो.

हा रोग स्पर्शाने, कपड्यांतून, एका ताटात जेवल्याने वा एका बाकावर बसल्याने होत नाही. हे निःसंदिग्धपणे सांगावे लागते, कारण रोगापेक्षा रोगाच्या भीतीने अधिक नुकसान केलेले आहे. शाळेतील मुलाला वेगळे बसविणे, हॉटेलातील कामगाराला काढून टाकणे, मुलीचे लग्न मोडणे, हे प्रकार घडतात आणि ते सर्वस्वी अज्ञानापोटी घडतात. या भीतीचे मूळ महारोगाशी झालेल्या जुन्या गल्लतीत आहे. प्राचीन आयुर्वेदात ‘कुष्ठ’ या एकाच नावाखाली त्वचेचे अठरा प्रकारचे विकार गणलेले आहेत. युरोपातही तीच अवस्था होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज वैद्य रॉबर्ट विलन यांनी या रोगाचे बारकाईने वर्णन केले, पण त्याच्या एका प्रकाराला नाव दिले ते ‘लेप्रा’, म्हणजे महारोगाचेच. पुढे १८४१ साली व्हिएन्नातील फर्डिनांड हेब्रा यांनी दोन्ही रोग निश्चितपणे वेगळे केले.

गावपातळीवर काम करणाऱ्या आशा कार्यकर्त्या व आरोग्य कर्मचारी यांना एक साधी खूण उपयोगी पडते. कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा फिकट किंवा तांबूस असून त्यावर बधिरपणा असतो. ऊन-गार, टोचणे कळत नाही. सोरायसिसच्या चट्ट्यावर संवेदना शाबूत असते, खाजही असते, आणि खवले खरवडले तर खाली रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. अर्थात खरवडून पाहण्याचा उद्योग कोणी करू नये. खरचटलेल्या जागी नवा चट्टा उठण्याची या रोगाची खोड आहे. शंका असल्यास दोन्हींची तपासणी शासकीय रुग्णालयात होते, आणि कुष्ठरोग निघालाच तर त्याचे औषध तेथे विनामूल्य मिळते.

उपचार : जुने, स्वस्त आणि खात्रीचे

सोरायसिस समूळ नाहीसा करणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. मात्र तो ताब्यात ठेवणारी औषधे आहेत. त्यांचा उपयोग मधुमेहाच्या वा रक्तदाबाच्या औषधांप्रमाणे दीर्घकाळ आणि देखरेखीखाली करावयाचा असतो. ‘मुळापासून घालवतो’ अशी हमी देणाऱ्यापासून दूर राहिलेले बरे.

चट्टे थोडे असतील तर मलमांवर भागते. डांबरापासून काढलेले कोल टार, खवले मऊ करणारे सॅलिसिलिक ॲसिड, ड जीवनसत्त्वाशी संबंधित कॅल्सिपोट्रिऑल आणि ठरावीक मुदतीपुरते स्टेरॉइडचे मलम ही त्यांतील प्रमुख होत. स्नानानंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल वा साधे व्हॅसलिन लावणे हेही उपचाराचेच अंग आहे. त्याला तुच्छ लेखू नये. चट्टे अंगभर असतील तर विशिष्ट लांबीच्या अतिनील किरणांचा शेक देतात. हा उपाय चांगला आहे; पण आठवड्यातून दोन-तीनदा शहर गाठावे लागते, आणि शेतीच्या हंगामात ते कोणाला जमावे!

पोटात घ्यावयाच्या औषधांत मेथोट्रेक्सेट हे सर्वांत जुने, स्वस्त आणि आजही सर्वाधिक उपयोगाचे आहे. त्याच्या जन्मकथेत दक्षिणेतील एका माणसाचा वाटा आहे. आंध्रातील भीमावरम येथे १८९५ साली जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बराव अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत संशोधनाचे प्रमुख होते. तेथेच फोलिक ॲसिडला विरोध करणारी ॲमिनॉप्टेरिन व मेथोट्रेक्सेट ही औषधे तयार झाली. ती मूळची रक्ताच्या कर्करोगासाठी. १९५१ साली ॲमिनॉप्टेरिन देताना रुग्णाचे सोरायसिसचे चट्टे मावळल्याचे डॉक्टरांच्या ध्यानात आले, आणि त्या निरीक्षणातून पुढे मेथोट्रेक्सेटचा हा उपयोग रूढ झाला.

या औषधासंबंधी एक गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहून घराच्या भिंतीवर लावावी इतकी महत्त्वाची आहे. सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यावयाचे असते. ते रोज घ्यावयाचे नसते. रोज घेतल्यास रक्तातील पेशी धोकादायक रीतीने घटतात, तोंडात व घशात फोड येतात, आणि प्रसंगी जीवही जातो. ज्या घरात गोळ्या देणाऱ्याला वाचता येत नाही तेथे बाजाराचा वार ठरवून द्यावा. तो कोणी विसरत नाही. या गोळीबरोबर डॉक्टर फोलिक ॲसिड देतात, अधूनमधून रक्त व यकृताची तपासणी करतात आणि मद्य पूर्ण वर्ज्य सांगतात. गर्भवती स्त्रीला हे औषध देत नाहीत. मूल हवे असलेल्या दांपत्याने आधीच डॉक्टरांशी बोलावे.

तीन शहरांच्या तीन चिठ्ठ्यांचा धोका येथे दिसतो. लघवीच्या जळजळीसाठी वा जुलाबासाठी सर्रास लिहून दिले जाणारे कोट्रायमॉक्साझोल हे औषध मेथोट्रेक्सेटसोबत घेतले तर दोहोंचा विषारी परिणाम एकवटतो. दुसऱ्या डॉक्टरांना पहिली चिठ्ठी दाखविली असती तर त्यांनी ते दिले नसते. सर्व चिठ्ठ्या एकाच पिशवीत ठेवून प्रत्येक वेळी सर्व दाखविणे एवढाच याला उपाय आहे, आणि त्याला पैसा लागत नाही.

अलीकडे प्रतिकारयंत्रणेतील नेमका एखादा संदेश अडविणारी जैविक इंजेक्शने आली आहेत. त्यांपैकी इटोलिझुमॅब हे बेंगळूरु येथील बायोकॉन कंपनीने तयार केलेले औषध असून भारतात सोरायसिससाठी त्याला २०१३ साली मान्यता मिळाली. अशी औषधे परिणामकारक आहेत, पण महाग आहेत. आणि ती सुरू करण्यापूर्वी क्षयरोग दडलेला नाही ना, हे पाहावे लागते.

सर्वांत अधिक हानी होते ती न विचारता घेतलेल्या स्टेरॉइडमुळे. तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि जंतुनाशक यांची एकत्र भेसळ असलेली मलमे गजकर्णापासून सोरायसिसपर्यंत सर्वांवर चोळली जातात. २०१८ साली केंद्र शासनाने अनेक स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सूचीत घातले. तरी सवय जुनी आहे. मलमाहूनही घातक म्हणजे स्टेरॉइडच्या गोळ्या आणि अज्ञात पुड्या. प्रथम चट्टे झपाट्याने मावळतात, देणाऱ्याची कीर्ती होते. पुडी बंद होताच रोग उसळतो, कधी सर्व अंग लाल होते, कधी पुवाचे फोड येतात. अशा रुग्णाला त्वरित रुग्णालयात न्यावे लागते.

आतड्याचा त्वचेशी संबंध काय?

उपचार असे असताना आतड्याची चर्चा मुळात का निघाली, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. ती केवळ विक्रेत्यांनी काढलेली नाही. मानवी शरीरात सूक्ष्मजंतूंची वस्ती अफाट असून त्यांची संख्या शरीराच्या स्वतःच्या पेशींच्या संख्येशी तोडीस तोड आहे. त्यांतील बहुतेक जंतू मोठ्या आतड्यात राहतात. ज्वारी, डाळी, भाज्या यांतील जो तंतुमय भाग माणसाला पचत नाही तो हे जंतू आंबवितात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी काही सौम्य आम्ले तयार होतात. ही आम्ले आतड्याच्या अस्तराचे पोषण करतात आणि प्रतिकारयंत्रणेतील ‘आवर घालणाऱ्या’ पेशींना बळ देतात.

प्रतिकारयंत्रणेच्या पेशींचा फार मोठा वाटा आतड्याच्या भिंतीत असतो. अन्न व निरुपद्रवी जंतू यांना सोडून द्यावे आणि रोगजंतूंवर तुटून पडावे, हा विवेक या पेशी तेथे शिकतात. २००९ साली उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले, की आतड्यातील एका विशिष्ट जातीच्या जंतूमुळे ठरावीक प्रकारच्या दाहकारक पेशी निर्माण होतात. त्याच प्रकारच्या पेशी माणसाच्या सोरायसिसमध्येही प्रमुख भाग घेतात. शिवाय सोरायसिसच्या रुग्णांत आतड्याचा क्रोन नावाचा दाहविकार इतरांपेक्षा अधिक आढळतो, आणि या रुग्णांच्या आतड्यातील जंतूंची घडण निरोगी माणसांहून काहीशी निराळी असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. घडण निराळी आहे, एवढ्यावरून तीच रोगाचे कारण आहे असे सिद्ध होत नाही. रोगामुळे, औषधांमुळे, आहारामुळे किंवा लठ्ठपणामुळेही ती बदलू शकते. पावसाळ्यात छत्र्या दिसतात, म्हणून छत्र्यांनी पाऊस पडतो असे कोणी म्हणत नाही.

चाचण्यांत काय आढळले?

पुरेशा प्रमाणात घेतले असता आरोग्याला लाभ करून देणारे जिवंत सूक्ष्मजीव, अशी प्रोबायोटिकची व्याख्या जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली केली. कल्पना त्याहून जुनी आहे. तेव्हाच्या रशियन साम्राज्यात जन्मलेले शास्त्रज्ञ एली मेच्निकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिस येथे असे प्रतिपादन केले, की बल्गेरियातील शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचे रहस्य त्यांच्या आंबविलेल्या दुधात असावे. मेच्निकॉफ यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, परंतु ते प्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी, दह्यासाठी नव्हे. जाहिरातींत हा फरक बहुधा सांगितला जात नाही.

व्याख्येतील तीन अटी ध्यानात घ्याव्यात. जंतू जिवंत असले पाहिजेत, पुरेशा संख्येने असले पाहिजेत आणि त्यांचा लाभ दाखवून दिलेला असला पाहिजे. हा लाभ त्या त्या वाणापुरता असतो. ज्वारीच्या एका वाणाचे उत्पन्न दुसऱ्या वाणाच्या नावावर मांडता येत नाही, तसेच जंतूंचेही आहे.

सोरायसिसपुरते पाहिले तर सर्वांत उल्लेखनीय चाचणी स्पेनमध्ये झाली. तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. सौम्य ते मध्यम सोरायसिस असलेल्या ९० रुग्णांचे दोन गट पाडण्यात आले. दोन्ही गटांना स्टेरॉइड व कॅल्सिपोट्रिऑल यांचे नेहमीचे मलम मिळाले. त्याखेरीज एका गटाला तीन जातींच्या जंतूंची कॅप्सूल १२ आठवडे दिली आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण जंतूविरहित कॅप्सूल दिली. रोगाच्या तीव्रतेत तीन-चतुर्थांश घट झालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात सुमारे ६७ टक्के, तर दुसऱ्यात सुमारे ४२ टक्के होते. नंतरच्या काळात रोग उलटण्याचे प्रमाणही पहिल्या गटात कमी दिसले.

हा आकडा आशादायक आहे, यात शंका नाही. परंतु तो वाचताना दुसऱ्या गटाकडे पाहावे. ज्यांना जंतू मिळाले नाहीत त्यांपैकीही शंभरात बेचाळीस जणांना केवळ मलमाने तेवढा उतार पडला. आणि ज्यांना जंतू मिळाले त्या एकाही रुग्णाचे मलम बंद केलेले नव्हते. जंतूंनी मलमाला हात दिला. मलमाची जागा घेतली नाही. ‘प्रोबायोटिकने सोरायसिस बरा होतो’ असे सांगणारे याच चाचणीचा दाखला देतात, पण नेमकी हीच गोष्ट गाळून.

त्यापूर्वी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सोरायसिसच्या २६ रुग्णांपैकी काहींना बिफिडोबॅक्टेरियमची एक जात आठ आठवडे दिली असता रक्तातील दाहाची लक्षणे कमी झाली. इराणमधील लहान चाचण्यांतही काही लाभ दिसला. दुसऱ्या बाजूचाही पुरावा आहे. डेन्मार्कमध्ये सोरायसिसजन्य संधिवाताच्या ३१ रुग्णांवर २०२१ साली प्रसिद्ध झालेला एक धाडसी प्रयोग झाला. निरोगी माणसाच्या आतड्यातील संपूर्ण जंतुसमूहच रुग्णांच्या आतड्यात घालण्यात आला. अपेक्षा अशी, की चांगली वस्ती वसली म्हणजे रोग हटेल. प्रत्यक्षात ज्यांना खोटा उपचार दिला होता त्यांच्यापेक्षा खऱ्या उपचाराच्या गटाची स्थिती वाईट राहिली. आतडे म्हणजे शेत नव्हे, की जुने तण काढले आणि नवे बी पेरले.

एकंदरीत पाहता चाचण्या थोड्या आहेत, रुग्ण थोडे आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी जंतूंचे वाण वेगळे आहेत. म्हणूनच प्रोबायोटिक हा सोरायसिसचा प्रमाणित उपचार म्हणून मान्य झालेला नाही. मुख्य उपचार चालू ठेवून, डॉक्टरांच्या माहितीने आणि परवडत असल्यास करून पाहण्याजोगी ती एक जोड आहे. तीन महिन्यांत फरक न पडल्यास तीवर अधिक खर्च करण्यात अर्थ नाही.

घरचे दही आणि दुकानातील कॅप्सूल

मग घरच्या दह्याचे काय? हा भाग दुभत्याचा आहे. लातूर-बीदर पट्ट्यातील देवणी गाय प्रसिद्ध आहे. पशुवैद्यक विद्यापीठ बीदरला आहे आणि दुग्धविज्ञान महाविद्यालय कलबुर्गीला. जेवणात ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि शेवटी दही-ताक, ही येथील जुनी रीत. घरच्या विरजणात दुधाचे दही करणारे जंतू जिवंत असतात हे खरे. पण ते कोणत्या जातीचे, किती, हे घरागणिक व ऋतूगणिक बदलते. त्यांतील पुष्कळसे जठरातील आम्लात नष्ट होतात. आणि ज्या वाणांवर चाचण्या झाल्या ते घरच्या विरजणात असतीलच असे नाही. तेव्हा शास्त्रीय भाषेत घरचे दही हे उत्तम अन्न आहे, पण औषध म्हणून त्याची मात्रा ठरविता येत नाही. ज्यांना दूध पचत नाही त्यांनाही दही पचते, कारण त्यातील जंतू दुधातील साखर पचविण्यास मदत करतात. एवढा गुण मात्र निश्चित सिद्ध झालेला आहे.

आंबविलेला प्रत्येक पदार्थ जिवंत जंतू पोटात नेतो, असेही नाही. ज्वारीच्या पिठाची आंबील रात्री आंबवून सकाळी शिजवितात; कढी उकळतात; इडली वाफवितात. उकळी फुटली की दह्याचे जंतू मरतात. म्हणून हे पदार्थ टाकाऊ ठरत नाहीत. आंबविल्याने ते पचनाला हलके होतात. फक्त जिवंत जंतूंच्या हिशेबात ते धरू नयेत. ताक, साधे दही आणि न तापविलेली लस्सी तेवढी धरावी.

कॅप्सूलचीही एक अडचण आहे, ती हवामानाची. कलबुर्गीचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो. ज्या जाती थंड जागी ठेवण्याची सूचना वेष्टनावर असते त्या पत्र्याच्या छपराखालील दुकानात, वीज जाते-येते अशा ठिकाणी, महिनोन् महिने पडून राहिल्या तर आत जिवंत काय उरणार? बीजाणू धारण करणाऱ्या बॅसिलस वर्गातील जाती उष्णता सोसतात, पण सोरायसिसवरील वर सांगितलेली चाचणी त्या जातींवर झालेली नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ साली अन्नातील प्रोबायोटिकच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. ग्राहकाने वेष्टनावर निदान चार गोष्टी पाहाव्यात : जंतूची जात व वाण, जिवंत जंतूंची संख्या, साठवणीचे तापमान आणि वापराची मुदत. यांपैकी काहीच लिहिलेले नसेल तर ती वस्तू घेऊ नये.

दही वर्ज्य सांगणाऱ्या जुन्या सल्ल्याबद्दलही बोलले पाहिजे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत विरुद्ध आहार हे कुष्ठाचे एक कारण मानले आहे आणि रात्री दही खाऊ नये असेही सांगितले आहे. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने कोड येते, हा समज त्याच परंपरेतला. आधुनिक अभ्यासांत दह्याने सोरायसिस वाढतो असा भरवशाचा पुरावा आढळलेला नाही. एखाद्याला स्वतःच्या अनुभवाने ते सोसत नसेल तर त्याने खाऊ नये. परंतु घरातील रुग्णाचे, विशेषतः वाढत्या वयाच्या मुलाचे, दही-ताक सरसकट तोडणे म्हणजे त्याला एका स्वस्त व सकस अन्नाला मुकविणे होय.

आहारात खरोखर काय उपयोगी पडते

आहाराच्या बाबतीत सर्वांत भक्कम पुरावा आहे तो वजनाबद्दल. स्थूल रुग्णाने वजन घटविल्यास चट्टे कमी होतात आणि औषधेही अधिक लागू पडतात. सोरायसिसच्या रुग्णांत मधुमेह व हृदयविकार यांचे प्रमाण अधिक असते, त्या दृष्टीनेही हे हितावह आहे. मद्य आणि तंबाखू सोडल्याचा लाभ कोणत्याही कॅप्सूलपेक्षा अधिक आहे, आणि त्यात पैसे जाण्याऐवजी वाचतात.

आतड्यातील जंतूंना बाहेरून आणण्यापेक्षा आहेत त्यांना पोसणे सोपे असते. त्यांचे खाद्य म्हणजे तंतुमय अन्न. ज्वारीची भाकरी, सालासकट डाळी, शेंगा, मेथी-अंबाडीसारख्या पालेभाज्या यांत ते मुबलक आहे. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तीच तूर येथील साध्या जेवणातही असते. ज्वारीच्या जागी पांढरा तांदूळ आणि गाड्यावरचे तळण आले, तेथे जंतूंचे हे खाद्य घटले. गव्हातील ग्लूटेन वर्ज्य करण्याचाही एक प्रघात अलीकडे पडला आहे. ज्यांच्या रक्ततपासणीत ग्लूटेनची असहिष्णुता आढळते त्यांनाच त्याचा उपयोग आहे. भाकरी खाणाऱ्याला हा प्रश्न फारसा पडत नाही, कारण ज्वारीत ग्लूटेन नसतेच.

काही रुग्णांनी जिवंत जंतूंच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. प्रतिकारशक्ती पुष्कळ दाबणारी औषधे चालू असलेले, रुग्णालयात गंभीर अवस्थेत असलेले, किंवा शिरेत कायमची नळी बसविलेले रुग्ण हे त्यांपैकी होत. क्वचित का होईना, हेच ‘चांगले’ जंतू अशा माणसाच्या रक्तात शिरून आजार उत्पन्न करतात. तसेच मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याचे तोंड आले, गिळताना दुखू लागले, ताप आला किंवा अंगावर निळसर डाग उठले, तर ते उष्णतेने झाले असे समजून दही-ताकावर भागवू नये. ती औषधाच्या विषारी परिणामाची खूण असू शकते. पुढील गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे.

बीदर व कलबुर्गी येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत, तसेच सीमेपलीकडे लातूर व सोलापूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत, त्वचारोगाची तपासणी होते. प्रथमच जाणाऱ्याने आधीच्या सर्व चिठ्ठ्या, रक्ततपासणीचे कागद, लावलेल्या मलमांच्या नळ्या आणि घेतलेल्या पुड्यांचे वा कॅप्सूलचे वेष्टन बरोबर न्यावे. जडीबुटीची पुडी घेतली असेल तर तीही लपवू नये. कन्नड येत नसेल तर मराठीत सांगावे. या भागात दोन्ही भाषा समजणारे कोणी ना कोणी रुग्णालयात भेटतेच.